आजी-आजोबांच्या सेवेसाठी माणसं घडवताना

लोणावळ्यात तुंगार्ली-खंडाळ्याच्या बंगल्यांमध्ये निवृत्तीनंतर मुंबई सोडून कायमची राहायला आलेली जोडपी आहेत. तळेगाव दाभाडे, सोमाटणे, वडगाव इथल्या सोसायट्यांत मुलगा-सून सकाळी कंपनीच्या बसने गेले, की संध्याकाळपर्यंत दोन खोल्यांत एकटेच वावरणारे आईवडील आहेत. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातल्या गावांत, ठाकरवाड्यांत आणि कातकरी वस्त्यांवर म्हातारी माणसं घर, गुरं आणि नातवंडं राखत मागे राहिली आहेत. तिन्हीकडची ऐपत वेगळी, जेवण वेगळं, बोली वेगळी. पण गुडघे धरले, हात थरथरायला लागला, रात्री लघवीला उठताना आधार लागू लागला, की तिन्ही घरांत एकच प्रश्न उभा राहतो: धरायला कोण आहे?

सध्या याचं उत्तर ओळखीपाळखीतून शोधलं जातं. कुणाच्या तरी कामवालीची बहीण, कुणाची तरी भाची. नाहीच मिळालं कुणी, तर पुण्यातल्या एखाद्या ब्युरोला फोन. ब्युरोकडून चोवीस तासांची बाई येते. ती बहुधा दूरच्या जिल्ह्यातली असते. आजींना चहा कसा लागतो, त्या कशावर रुसतात, कोणत्या कुशीवर त्यांना झोप लागते हे तिला उमगेपर्यंत तिची बदली होते. मग नवी बाई आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. दोष त्या बाईचा नाही. तिला शिकवायला, विचारायला आणि सांभाळून घ्यायला मागे कुणीच नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. सेवा माणूस बघून द्यायची असेल, तर सेवा देणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: नीट शिक्षण, त्या माणसासोबत पुरेसा वेळ, आणि छोटे निर्णय स्वतः घेण्याची मुभा. हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र, मोबाइलवरचं अ‍ॅप हे सगळं त्यानंतर. आणि या तिन्ही गोष्टी गावाजवळच उभ्या करता येतात. बचत गटांचे ग्रामसंघ, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्यांच्या समित्या, स्थानिक संस्था, ग्रामपंचायती आणि नगरपरिषदेचे सदस्य यांच्यापैकी ज्यांना हे काम हाती घ्यावंसं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. घरी एखादं माणूस अंथरुणाला आहे, अशा कुटुंबांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी घरोघर विचारा

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले साठीपुढचे लोक एक कोटी अकरा लाखांच्या घरात होते, म्हणजे जवळपास दर दहांतला एक. २०५० च्या सुमारास दर पाच भारतीयांमागे एक जण साठीपुढचा असेल, असा अंदाज आहे. हे आकडे भाषणाला बरे. काम सुरू करायला मात्र तुमच्या एका गावाची किंवा एका प्रभागाची यादी हवी, आणि त्या यादीत वयापेक्षा वेगळे प्रश्न हवेत. आंघोळ कोण घालतं? रात्री कोण उठतं? गोळ्या कोण देतं? गेल्या वर्षभरात किती वेळा पडणं झालं? सांभाळणारं माणूस आजारी पडलं तर दुसरं कोण?

हा शेवटचा प्रश्न कधीही वगळू नका. सत्तरीच्या आजी पंचाहत्तरीच्या आजोबांना एकटीने उचलतात, अशी घरं दर गावात निघतील. मानसिक आजार किंवा पार्किन्सन्स असलेल्यांच्या मदतगटांत सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला ‘शुभंकर’ म्हणतात. या शुभंकरांना आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या मिळाल्या, तरी त्यांचं स्वतःचं आयुष्य वाढेल. त्यामुळे पूर्ण दिवसाच्या सेवेइतकीच दोन-तीन तासांच्या सेवेचीही तजवीज करा. बहुतेक घरांना गरज तेवढीच असते आणि परवडतंही तेवढंच.

यादीत आणखी एक गट हमखास सुटतो. तो म्हणजे मोठ्या वयाच्या दिव्यांग मुलामुलींचा. बौद्धिक अपंगत्व असलेला चाळिशीचा मुलगा आणि त्याला न्हाऊमाखू घालणारी सत्तरीची आई, असं घर बाहेरून कुणाला दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारचं अपंगत्व मान्य केलं आहे. ‘आजी-आजोबा’ हा शब्द मी शीर्षकात घेतला असला, तरी ज्यांना रोजच्या जगण्यात दुसऱ्याचा हात लागतो अशी सगळीच मोठी माणसं यात धरा.

कुणाला निवडायचं

पहिला विचार येतो तो दहावी-बारावी झालेल्या मुलींचा. त्यांना जरूर घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. चाळिशी-पन्नाशीच्या, स्वतःच्या सासूचं किंवा वडिलांचं आजारपण काढलेल्या बाया या कामाला सगळ्यात जवळच्या असतात, मग शाळा सातवीतच सुटलेली का असेना. महाराष्ट्राने हे पूर्वी करून दाखवलं आहे. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन सुरू केलं. शुश्रूषेचं काम हलकं मानण्याचा तो काळ, तरी सेवासदनाने बायकांना, त्यात विधवांनाही, परिचारिकेचं शिक्षण घेण्यासाठी ससूनमध्ये पाठवलं. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि निरक्षर बायकांमधून गावाच्या आरोग्यसेविका तयार केल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

या तिन्ही ठिकाणी यशाचं मर्म निवडीइतकंच पाठपुराव्यात होतं. एकदा शिबिर घेतलं, प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले आणि संपलं, असं तिथे झालं नाही. शिकवलेलं पुन्हा पुन्हा घोटलं गेलं आणि शिकवणारी माणसं कामाच्या जागी जाऊन पाहत राहिली.

निवडताना मुलाखतीवर फार विसंबू नका. उमेदवाराला एखाद्या घरी, त्या घरच्यांना विचारून, तासभर बसू द्या आणि नंतर विचारा: आजोबांविषयी तुम्हाला काय कळलं? जिने आजोबांशी बोलणं केलं तिला चार गोष्टी सांगता येतील. जी फक्त सुनेशी बोलली, तिला आजोबांचा आजार सांगता येईल, आजोबा सांगता येणार नाहीत. निवडीला ही एक कसोटी बहुधा पुरते.

पुरुषांनाही घ्या. म्हाताऱ्या पुरुषाला परक्या बाईने आंघोळ घालणं अनेकांना अवघड जातं, आणि उचलून खुर्चीत बसवायला ताकदही लागते. हॉटेलांत किंवा बंगल्यांवर काम करणाऱ्या मुलांपैकी ज्यांना माणसांत रमायला आवडतं, त्यांना हे काम दाखवा. आपल्याकडे ‘मामा’ मिळत नाहीत, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कारण त्यांना कुणी शिकवतच नाही.

अंतराचंही पाहा. पुणे-लोणावळा लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव ही गावं जोडते, म्हणून रेल्वेलगतच्या घरांना मदतनीस मिळणं त्या मानाने सोपं आहे. पवनानगर किंवा टाकव्याच्या आतल्या गावांना मात्र त्याच गावातली, फार तर शेजारच्या गावातली व्यक्तीच हवी. संध्याकाळची एसटी चुकली तर तिने जायचं कसं, हा विचार आपण नेमताना करायचा, तिने नेमल्यानंतर नव्हे.

शिक्षणाचा काळ शेतीचा हंगाम पाहून ठरवा. मावळात आवणी सुरू झाली की बाया दिवसभर चिखलात असतात, आणि दिवाळीच्या आगेमागे भातकापणी-झोडणी असते. त्या काळात वर्ग ठेवले तर खुर्च्या रिकाम्या राहतील आणि आपण म्हणू, बायांना आस्थाच नाही. मार्गशीर्षात सुरू करून चैत्रापर्यंत संपवावं, हे इथे उत्तम.

शिकवायचं काय आणि कसं

‘होम हेल्थ एड’, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ असे सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम आहेत. जमेल त्यांना ते जरूर करू द्या. त्या प्रमाणपत्राने पुढे रुग्णालयाची नोकरीही मिळू शकते. मात्र हे अभ्यासक्रम बरेचसे रुग्णालय डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असतात. घरात पलंग भिंतीला टेकलेला असतो, न्हाणीघराला उंबरा असतो, संडास अंगणापलीकडे असतो. म्हणून शिक्षणाचा निम्म्याहून अधिक भाग घरातच व्हायला हवा. तळेगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे, फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. निवृत्त परिचारिका तर प्रत्येक मोठ्या गावात सापडतील. आठवड्यातून एक दुपार मागितली तर यातली बरीच माणसं आनंदाने येतात.

पहिल्या दिवशी शिकणाऱ्यांनाच पलंगावर झोपवा. तासभर कूस बदलायची नाही, डास बसला तरी हात हलवायचा नाही, पाणी हवं तर दुसऱ्याकडे मागायचं. मग एकीने दुसरीला चमच्याने पेज भरवायची. भरवणारी उभी राहिली तर कसं वाटतं, शेजारी बसली तर कसं वाटतं, पहिला घास गिळायच्या आत दुसरा चमचा तोंडापुढे आला तर कसं वाटतं, हे नंतर सगळ्यांनी मिळून बोलायचं. या एका दुपारीत जे अंगात मुरतं, ते कुठल्या पुस्तिकेतून मुरत नाही.

त्यानंतर हाताचं कौशल्य. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं. पण पाहायचं काय हे ठाऊक नसतं. माकडहाड, टाचा, कुल्ह्याची हाडं आणि पाठीचे खवाटे या जागा रोज आंघोळीच्या वेळी उजेडात बघायच्या. एखादी जागा लाल दिसली तर बोटाने दाबून सोडायची. लाली जाऊन परत आली तर त्या जागेवरचा भार काढून लक्ष ठेवायचं. दाबूनही ती फिकी होत नसेल, तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे हात लावून आसपासच्यापेक्षा ती जागा गरम किंवा कडक लागते का हे पाहायचं. अशा जागी तेल लावून चोळायचं अजिबात नाही. आपल्याकडे हे प्रेमाने केलं जातं आणि त्यानेच आतलं मांस अधिक दुखावतं. कुशीवर वळवताना पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी देऊन किंचित कललेलं ठेवायचं, आणि टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी घालायची.

भरवताना माणूस बसता हवा, हनुवटी किंचित खाली हवी, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. घास गिळल्यावर आवाज ओलसर, घोगरा येऊ लागला किंवा खोकल्याची उबळ आली तर थांबायचं आणि कळवायचं. मधुमेही माणसाला अचानक घाम सुटला, थरथर सुटली, बोलण्यात विसंगती आली तर साखर उतरली असू शकते. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात गळाला, शब्द अडखळले, की तो झटका समजून लगेच १०८ ला फोन. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि द्रुतगती मार्गावरची शनिवार-रविवारची कोंडी त्यातलेच तास खाते. म्हणून किती वाजता सुरू झालं ते घड्याळ बघून लिहून ठेवायला प्रत्येकाला शिकवा.

काय करायचं नाही, हेही तितकंच ठासून सांगा. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं ही नोंदणीकृत परिचारिकेची कामं. घरचे कितीही आग्रह करोत, आपल्या माणसाने ‘मला हे करता येणार नाही’ म्हणायचं, आणि संस्थेने तिच्या पाठीशी उभं राहायचं.

अखेरच्या आजारातली सेवा शिकायची असेल, तर पुण्यात वारज्याला १९९७ पासून चालणारं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर जाऊन पाहावं. कर्करोगाच्या रुग्णासोबत तिथे घरचं माणूस राहतं आणि वेदना कमी ठेवत काळजी कशी घ्यायची ते शिकतं. माणूस बरा होणार नाही हे ठरल्यानंतरही करण्यासारखं किती उरतं, हे पाहिल्यावर शिकणाऱ्यांची या कामाकडे बघण्याची नजर बदलते.

प्रत्येक माणसाचा एक कागद

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक घरात, पलंगाजवळ, एक पानी ओळख लिहून ठेवायची. त्यात आजाराचं नाव आणि औषधं खाली, छोट्या जागेत. वर असावं ते माणूस.

समजा, खंडाळ्याच्या घाटात रेल्वेत नोकरी काढलेले एक आजोबा आहेत आणि त्यांना आता स्मृतिभ्रंश झाला आहे. त्यांचा कागद असा होईल: ‘मला बाबा म्हणा, काका म्हणू नका. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्या बाजूने बोला. चहा बशीत ओतून लागतो. आंघोळ दुपारी, ऊन आल्यावर; सकाळी केली तर चिडतो. एकादशी धरतो, त्या दिवशी गोळ्या भगरीनंतर द्या. गळ्यातली तुळशीची माळ काढायची नाही, आंघोळीलासुद्धा. दाढी रोज हवी. गुरगुट्या भात आवडतो, वर तूप. पाच वाजले की ड्युटीवर जायचं म्हणून चप्पल शोधतो. तेव्हा वाद घालू नका. आज कुठली पाळी, गाडी किती लेट आहे असं विचारा, गेटपर्यंत चालवून आणा.’

या पाच वाजताच्या ओळीने किती फरक पडतो ते पाहा. ती माहीत नसलेली बाई दार लावून घेईल, बाबा ओरडतील, ढकलाढकली होईल, आणि संध्याकाळी मुलगा आल्यावर डॉक्टरांकडून झोपेची गोळी लिहून आणली जाईल. ती ओळ माहीत असेल तर दहा मिनिटं फिरणं होतं आणि बाबा निवांत येऊन बसतात. लोणावळ्याच्या धुक्यात असा माणूस एकटा बाहेर पडला तर धोका मोठा. म्हणून नाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात कायम असावी.

कागद घरच्यांना विचारून भरू नका. आधी त्या माणसालाच विचारा, बोलता येत असेल तोवर. मुलं सांगतात, ‘आईला टीव्ही आवडतो.’ आई सांगते, ‘मला ओट्यावर बसून येणारी-जाणारी बघायची असतात, पण मला बाहेर कोण नेणार?’ पारशी आजींना अंडं लागेल, जैन आजोबांना सूर्यास्तापूर्वी जेवण लागेल, कातकरी म्हातारीला बंद खोलीत जीव घुसमटल्यासारखा होईल. महिन्यातून एकदा कागद पुन्हा वाचायचा आणि बदलायचा, कारण माणूस बदलत असतो.

डायपरचा निर्णयही याच कागदावर व्हावा. अनेक घरांत तो सोयीसाठी लावला जातो. लघवीच्या वेळा आठवडाभर टिपून पाहिल्या तर बऱ्याच जणांना ठरावीक वेळी आधार देऊन नेता येतं, निदान दिवसा तरी. त्याला मदतनिसाचा वेळ लागतो. म्हणूनच मी वर वेळ म्हटलं.

कोणता निर्णय कुणाचा

इतकं शिकवूनही सेवा साचेबंद का राहते, याचं कारण भीती हे असतं. आंघोळ आज नको म्हणतात, तर काय करू? सुनेला विचारू? सून मीटिंगमध्ये. मग बळजबरीने आंघोळ. म्हणून कामाला लागण्यापूर्वीच घरच्यांसोबत बसून ठरवा. आंघोळ, कपडे, जेवणाची वेळ, फिरणं, गप्पा, देवदर्शन या गोष्टी ते माणूस आणि मदतनीस मिळून ठरवतील. पाहुणे, पैसे, बाहेरगावी जाणं, नेहमीच्या खाण्यात मोठा बदल यासाठी घरच्यांना विचारायचं. ताप, पडणं, जखम, जेवण सुटणं, नेहमीपेक्षा जास्त झोप यासाठी परिचारिकेला किंवा डॉक्टरांना ताबडतोब फोन. हे लिहून भिंतीला लावलं की मदतनीस मोकळेपणाने काम करते.

दर आठवड्याला दीड तास सगळ्या मदतनिसांची बैठक घ्या. तीही पगारी वेळेत. प्रत्येकीने एक अडचण आणि एक जमलेली गोष्ट सांगायची. माणूस गेलं तर त्याच्याविषयीही बोलायचं. दोन वर्षं ज्या आजींना न्हाऊ घातलं त्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी नव्या घरी उभं राहायचं, हे सोपं नसतं, आणि याबद्दल या बायांना कुणी विचारत नाही.

प्रत्येक घराला दोघींची ओळख हवी: एक नेहमीची आणि एक बदली. बदलीने महिन्यातून दोन दिवस तरी तिथे काम करावं. मग नेहमीची आजारी पडली, तिच्या घरी लग्न निघालं, तरी आजींपुढे परका चेहरा येत नाही.

पावसाळ्याची तयारी

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. वीज जाते, रस्ता बंद होतो, आणि सुटीच्या दिवशी भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी गावातून हलता येत नाही. मे महिन्यातच प्रत्येक घराचा आढावा घ्या. ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं, म्हणून भरलेला सिलिंडर घरात आहे का आणि तो लावता येतो का? हवेची गादी वीज गेल्यावर बसते, तेव्हा कूस बदलण्यातलं अंतर कमी करायचं. औषधं पंधरा दिवसांची जास्तीची. न्हाणीघरात आणि पायरीवर शेवाळ येतं, तिथे घासणी आणि धरायला दांडी. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी पाळी बदलण्याची वेळ सकाळी सातच्या आत ठेवा. कपडे वाळत नाहीत, ओलसर कपड्याने कातडी खराब होते. चादरींचा एक जादा जोड हे पावसाळ्यातलं औषधच आहे.

मोबदला आणि मान

चोवीस तासांच्या बाईला चोवीस तास काम करता येत नाही, हे आधी मान्य करूया. रात्री चार वेळा उठलेल्या बाईकडून सकाळी हसतमुख सेवेची अपेक्षा करणं अन्याय आहे. शक्य तिथे आठ तासांच्या पाळ्या करा. राहणारीच लागली तर सलग झोपेचे तास, आठवड्याची सुटी, झोपायला आडोसा आणि जेवण हे कागदावर लिहा. घर जे पैसे देतं त्यातले किती मदतनिसाला मिळतात आणि किती व्यवस्थापनाला जातात, हे दोन्ही बाजूंना माहीत असलं पाहिजे. ग्रामसंघाने किंवा संस्थेने मध्यस्थी केली तर ही पारदर्शकता ठेवणं सोपं जातं.

घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, ई-श्रम पोर्टलवर नोंदणी होते, आणि पंतप्रधान सुरक्षा विम्यात वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. नेमणुकीच्या दिवशीच हे तिन्ही करून घ्या. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकाम करणाऱ्या बाया येतात आणि त्यांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे पहिल्याच आठवड्यात सांगा. परक्या घरात बंद दारामागे काम करणाऱ्या बाईला ही माहिती हातात असणं फार गरजेचं आहे. वृद्धाला मारहाण, उपाशी ठेवणं, सही घेण्यासाठी दबाव असं काही मदतनिसाला दिसलं, तर तिने संस्थेला सांगायचं आणि संस्थेने ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ वर, कळवायचं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दादही मागता येते.

शिकवलेली मुलं बाहेर निघून जातील, ही शंका काढली जाते. ती खरी आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि तिकडेही शुश्रूषेच्या हातांची मोठी टंचाई आहे. तरुण जावोत, त्यांचं कल्याण होवो. ज्यांचं घर, शेत आणि नातवंडं इथेच आहेत अशा बाया राहतील, म्हणून निवडीत त्यांचा वाटा मोठा ठेवा.

ज्यांना परवडत नाही त्यांचं काय

वस्तीवरच्या म्हातारीला श्रावणबाळ योजनेतून महिना पंधराशे रुपये मिळतात. त्यात औषध आणि तेलमीठच सुटतं. सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेतून पाच लाखांचं संरक्षण आहे खरं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. घरी आंघोळ घालणाऱ्या हातासाठी त्यातून पैसे मिळत नाहीत. ही पोकळी मोठी आहे आणि ती गावालाच भरावी लागेल. केरळात मलप्पुरमकडे १९९९ पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा सुरू केली. २००८ साली तिथल्या सरकारने त्याला धोरणाचं रूप दिलं आणि ग्रामपंचायती त्यात उतरल्या.

आपल्याकडे ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पहिल्यातून बायांचं शुश्रूषेचं प्रशिक्षण आणि दुसऱ्यातून दिव्यांगांच्या घरी मदतनीस, असा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. पासष्टीपुढच्या गरजूंना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा तीन हजार रुपये मिळतात. त्यातून वॉकर किंवा कमोडची खुर्ची येते. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कामात वृद्धांची काळजी धरलेली आहे, त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. आणि बंगल्यांतून, सोसायट्यांतून येणाऱ्या पूर्ण मोबदल्यातला थोडा हिस्सा वस्तीवरच्या दोन घरांच्या सेवेसाठी बाजूला ठेवा. ज्या आजी-आजोबांची ऐपत आहे, त्यांना हे स्पष्ट सांगितलं तर ते नाही म्हणणार नाहीत, असा माझा विश्वास आहे.

सुरुवात मोठी करू नका. एक गाव किंवा एक प्रभाग, आठ-दहा मदतनीस, वीसेक घरं आणि एक निवृत्त परिचारिका एवढ्यावर पहिलं वर्ष काढा. यंदाची भातझोडणी उरकली, की ग्रामसंघाची बैठक लावा, गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी पुढ्यात ठेवा आणि त्या यादीतल्या पहिल्या घरी दुसऱ्याच दिवशी जाऊन या.